औषधाची रिॲक्शन : ओळखायची कशी आणि त्या वेळी करायचे काय

आर्वी तालुक्यातल्या गावांमध्ये कामानिमित्त फिरताना आम्हाला एक वाक्य नेहमी ऐकू येते. "मले सुई चालत नाही जी." कोणती सुई, कधी घेतली होती, काय झाले होते, असे विचारले की बहुतेक वेळा उत्तर नसते. कागद नसतो. औषधाचे नाव आठवत नाही. आठवतो तो फक्त दवाखाना आणि घाबरलेले नातेवाईक. दुसऱ्या बाजूला अशीही माणसे भेटतात ज्यांना खरोखर एखाद्या औषधाची जीवघेणी ॲलर्जी आहे आणि त्यांना स्वतःला ते ठाऊक नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट आहे. चाळिशीतल्या एका मजूर बाईंना घसा दुखून ताप आला. मजुरी बुडवून दवाखान्यात जाण्याऐवजी त्यांनी मेडिकलमधून गोळ्या आणवल्या. पहिली गोळी घेतल्यावर वीस मिनिटांत तळहात खाजू लागले, अंगावर पित्त उठले, मग ओठ सुजले आणि आवाज बसला. घरच्यांनी आधी आमसुलाचे पाणी दिले. जवळच्या एका खासगी डॉक्टरांनी पित्ताचे इंजेक्शन देऊन "घरी जाऊन झोपा" असे सांगितले. परतीच्या वाटेवर त्यांना उभे राहता येईना. ऑटोवाल्या मुलाने घरी न नेता सरळ आर्वीच्या दवाखान्यात नेले, तिथे मांडीत ॲड्रेनॅलिन दिले गेले आणि बाई वाचल्या. नंतर आम्ही घरी जाऊन बोललो तेव्हा कळले की दोन वर्षांपूर्वीही अशाच गोळीने त्यांच्या अंगावर चट्टे आले होते. तेव्हाच्या पाकिटावर वेगळे नाव होते, आताच्या पाकिटावर वेगळे. आतले औषध मात्र एकच होते, ॲमॉक्सिसिलिन.

त्या घटनेपासून आमच्या गटात या विषयावर वाचन सुरू झाले, डॉक्टर मित्रांना प्रश्न विचारून झाले. त्यातून जे हाती लागले ते कार्यकर्त्यांच्या उपयोगासाठी इथे मांडत आहोत. हे डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय म्हणून वापरू नये.

रिॲक्शन म्हणतो ती प्रत्येक गोष्ट ॲलर्जी नसते

आपल्या बोलण्यात 'रिॲक्शन' हा शब्द फार ऐसपैस आहे. गोळीने मळमळले तरी रिॲक्शन, जुलाब झाले तरी रिॲक्शन, सलाईन लावल्यावर थंडी वाजली तरी रिॲक्शन. यातल्या बऱ्याच गोष्टी त्या औषधाचे माहीत असलेले दुष्परिणाम असतात. ॲमॉक्सिसिलिनने काहींना पातळ जुलाब होतात, मेट्रोनिडॅझोलने तोंडाला धातूसारखी चव येते, डायक्लोफिनॅकने पोटात आग पडते. त्रास खरा असतो, पण ती ॲलर्जी नव्हे. मात्रा बदलून, जेवणानंतर घेऊन किंवा औषध बदलून हा प्रश्न सुटतो.

ॲलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा एका निरुपद्रवी औषधाला शत्रू समजते. पहिल्यांदा औषध घेतले तेव्हा बहुधा काहीच होत नाही. त्या वेळी शरीर फक्त ओळख करून घेते आणि त्या औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून ठेवते. पुढच्या वेळी तेच औषध आत गेले की त्वचेतल्या, श्वासनलिकेतल्या आणि रक्तवाहिन्यांजवळच्या विशिष्ट पेशी फुटल्यासारख्या होतात आणि हिस्टामिनसारखी रसायने एकदम बाहेर पडतात. त्यामुळे "याआधी हीच गोळी घेतली होती, काही झालं नव्हतं" हा दिलासा फसवा ठरू शकतो.

तिसरा प्रकार आपल्या भागात विसरून चालणार नाही. तो म्हणजे विषबाधा. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर कीटकनाशकाच्या विषबाधेने दगावले. फवारणी करून आलेला माणूस डोके दुखते म्हणून गोळी घेतो आणि नंतर घाम, लाळ, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी सुरू होते. घरचे म्हणतात गोळीची रिॲक्शन आली. दवाखान्यात त्या दिवशी फवारणी केली होती हे सांगितले नाही तर उपचाराची दिशाच चुकते. २०२५ मध्ये छिंदवाडा भागातली मुले खोकल्याच्या भेसळयुक्त औषधामुळे नागपूरच्या दवाखान्यांत दगावली. त्यात मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडले होते. ती ॲलर्जी नव्हती, भेसळ होती. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये अशाच रसायनाने दूषित झालेल्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला. जिथे एकाच औषधाने अनेकांना सारखाच त्रास होतो तिथे ॲलर्जीपेक्षा औषधावर संशय घ्यावा.

आणखी एक घोटाळा रक्ताशी संबंधित आहे. जी६पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या माणसाला मलेरियाचे प्रायमाक्विन किंवा कुष्ठरोगाचे डॅप्सोन दिले तर तांबड्या पेशी फुटू शकतात. लघवी चहाच्या रंगाची होते, डोळे पिवळे पडतात. हीसुद्धा ॲलर्जी नाही, पण नोंद तितकीच महत्त्वाची, कारण ती आयुष्यभर लागू असते.

मिनिटांत येणारी रिॲक्शन

सर्वांत धोकादायक प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. इंजेक्शन असेल तर काही मिनिटांत, गोळी असेल तर साधारण तासाभरात तो सुरू होतो. तळहात-तळपाय खाजणे, अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, ओठ-जीभ-पापण्या सुजणे ही सुरुवात. मग आवाज घोगरा होणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, धाप, छातीत शिट्टीसारखा आवाज, पोटात कळ, उलटी, चक्कर, शुद्ध हरपणे. काहींच्या अंगावर पुरळ अजिबात येत नाही आणि थेट रक्तदाब कोसळतो. अशा वेळी आजूबाजूचे "घाबरला असेल, सुई पाहून चक्कर आली असेल" म्हणतात. सुईच्या भीतीने आलेली भोवळ माणसाला आडवे केल्यावर एक-दोन मिनिटांत ओसरते, नाडी मंद असते, खाज किंवा सूज नसते. ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी बहुधा जलद असते आणि माणूस मिनिटामिनिटाला खालावत जातो.

नियम सोपा लक्षात ठेवावा. औषध घेतल्यावर त्वचेच्या त्रासासोबत श्वासाचा त्रास किंवा चक्कर असेल तर तो ॲनाफिलॅक्सिस समजूनच धावपळ करावी.

याचे औषध ॲड्रेनॅलिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, स्नायूत दिले जाणारे इंजेक्शन. मोठ्या माणसाला साधारण अर्धा मिलिग्रॅम, मुलांना वजनाप्रमाणे, आणि फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. ते स्वस्त आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात असायलाच हवे. लसीकरणाच्या दिवशी गावात येणाऱ्या एएनएम सिस्टरकडेही ॲनाफिलॅक्सिस किट असते आणि ते वापरण्याचे त्यांना प्रशिक्षण असते. करोनाच्या लसीनंतर आपल्या सगळ्यांना अर्धा तास खुर्चीवर बसवून ठेवले होते ते याचसाठी. तीच शिस्त दवाखान्यातल्या कोणत्याही इंजेक्शननंतर का पाळली जात नाही, हा प्रश्न आम्हाला पडतो. सुई टोचली, पैसे दिले आणि मोटारसायकलला किक मारली, असे चित्र आपण रोज पाहतो.

आमचा मुख्य आक्षेप इथे आहे. आपल्याकडे रिॲक्शन म्हटले की पित्ताचे इंजेक्शन आणि स्टेरॉइड, म्हणजे लोकांच्या भाषेत 'एव्हिल-डेक्सोना', ही जोडी ठरलेली. खाज कमी होते, रुग्णाला बरे वाटते, डॉक्टरचे नाव होते. पण पित्ताचे औषध बंद होत चाललेला घसा उघडत नाही आणि पडलेला रक्तदाब वर आणत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला काही तास जातात. ॲनाफिलॅक्सिसमधले मृत्यू बहुधा ॲड्रेनॅलिन न दिल्याने किंवा उशिरा दिल्याने होतात. एव्हिल द्यावे, पण ॲड्रेनॅलिननंतर.

पहिली दहा मिनिटे

औषध चालू असेल तर लगेच थांबवायचे, सलाईनमधून जात असेल तर सिस्टरला नळी बंद करायला सांगायचे. रुग्णाला आडवे झोपवून पाय उशीवर किंवा पोत्यावर उंच करायचे. धाप जास्त असेल तर पाठीला आधार देऊन बसते ठेवायचे, पण पाय पसरलेले असावेत. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. उलटी होत असेल तर कुशीवर. एक गोष्ट बजावून सांगतो : रुग्णाला उठवून चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. रक्तदाब पडलेला असताना एकदम उभे केल्याने हृदय बंद पडल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत. खाटेवर, चादरीत, चौघांनी उचलून न्यावे.

त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. फोनवर "रिॲक्शन आली" एवढेच न सांगता "औषधाच्या ॲलर्जीने श्वास अडकतोय" असे सांगावे, गावाचे नाव आणि रस्त्यावरची खूण सांगावी. रुग्णवाहिका दूर असेल आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असेल तर आधी तिथे जावे. आर्वीहून वर्धा सुमारे ५० किलोमीटर, सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालये त्याच्याही पुढे. ॲड्रेनॅलिनसाठी एवढे अंतर कापायची गरज नाही. पहिला डोस जवळच, पुढची देखरेख मोठ्या ठिकाणी, असा क्रम हवा.

आमसूल, लिंबूपाणी, मिठाचे पाणी तोंडात ओतू नये. सुजलेल्या घशातून ते श्वासनलिकेत जाऊ शकते. घेतलेल्या औषधाचे पाकीट, बाटली, रिकामी शिशी खिशात टाकून सोबत न्यावी. बरे वाटल्यावर लगेच सुट्टी मागू नये, कारण काही जणांना काही तासांनी तीच लाट पुन्हा येते. दवाखान्यात निदान सहा ते बारा तास, गंभीर असेल तर त्याहून जास्त, थांबण्याची तयारी ठेवावी. रुग्ण मजूर असेल तर त्याला तिथे थांबवून ठेवणे आणि घरी डबा पोहोचवणे हेही कार्यकर्त्याचेच काम.

दिवसांनी येणारी रिॲक्शन

हा प्रकार हळू येतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. औषध सुरू करून आठवडा झाला, अंगावर बारीक लाल पुरळ आले, खाज आहे, ताप नाही. बहुतेक वेळा औषध बदलले की हे आपोआप जाते. गावात यालाच 'देवी आली', 'गोवर आला', 'उष्णता बाहेर पडली' म्हणतात आणि गोळी चालूच राहते. इथे काही खुणा ओळखता आल्या पाहिजेत. पुरळासोबत ताप, सुजलेला चेहरा, मानेत-काखेत गाठी, डोळे पिवळे होणे, तोंडात किंवा जननेंद्रियावर फोड, डोळ्यांची आग, त्वचा दुखणे आणि बोट फिरवल्यावर साल निघणे. यातले एकही लक्षण असेल तर पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचे.

साल निघणाऱ्या प्रकाराला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. बहुधा औषध सुरू केल्यावर चार दिवस ते चार आठवड्यांत तो येतो. फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही औषधे, सल्फाच्या गोळ्या, युरिक ॲसिडसाठीचे ॲलोप्युरिनॉल ही त्यातली नेहमीची नावे. भाजलेल्या रुग्णासारखी शुश्रूषा लागते आणि डोळे वाचवण्यासाठी नेत्रतज्ज्ञ लागतो. अंगावर हळद, राख, कसलाही लेप लावू नये.

दुसरा प्रकार ड्रेस. दोन ते आठ आठवड्यांनी येतो आणि यकृतावर, मूत्रपिंडावर जातो. मासिक पाळीच्या दुखण्यासाठी आपल्या मुली सर्रास घेतात त्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय फार्माकोपिया आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये याच धोक्याचा इशारा दिला होता. तेव्हा समाजमाध्यमांवर घबराट पसरली आणि चार दिवसांत विसरलीही गेली. इशाऱ्याचा अर्थ गोळीवर बंदी असा नव्हता. ती घेतल्यानंतर पुढच्या काही आठवड्यांत ताप आणि पुरळ आले तर संबंध लावून डॉक्टरांना सांगा, एवढाच होता. वसतिगृहांतल्या मुलींपर्यंत हे कुणी पोहोचवले का?

वर्धा जिल्ह्याचा कुष्ठरोगाच्या कामाशी जुना संबंध आहे. दत्तपूरचे कुष्ठधाम मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये सुरू केले, गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान वर्ध्यातच १९५१ मध्ये उभे राहिले. १९८२ पासून कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार आला आणि त्यात डॅप्सोन आहे. थोड्या रुग्णांना ते सुरू केल्यावर चार ते सहा आठवड्यांनी ताप, पुरळ, कावीळ अशी गंभीर ॲलर्जी होते. आधीच समाजाने दूर ठेवलेला माणूस पुरळ आल्यावर 'रोग वाढला' असे समजून घरात लपतो. कुष्ठरोगाच्या किंवा क्षयाच्या रुग्णाला पुरळ दिसले तर आशाताईंमार्फत त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवावे. ही औषधे आपल्या मनाने कायमची सोडू नयेत, डॉक्टर त्यातले दोषी औषध शोधून बाकीचे पुन्हा सुरू करू शकतात.

एका प्रकाराबद्दल कुणी उघड बोलत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम लिहितो. काही औषधांनी शरीरावर ठरावीक जागी गोल, काळसर-जांभळा डाग येतो. औषध बंद केल्यावर तो फिका होतो, पण काळी खूण राहते. पुढच्या वेळी तेच औषध घेतले की बरोबर त्याच जागी पुन्हा उठतो. ओठ, हात आणि जननेंद्रिय या त्याच्या आवडत्या जागा. सल्फा, जुलाबासाठी घेतल्या जाणाऱ्या ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलसारख्या जोडगोळ्या, वेदनाशामके, टेट्रासायक्लिन यांनी तो येतो. एक तरुण नवरा कित्येक महिने गुप्तरोग झाला समजून भोंदू वैद्याकडे पैसे घालत होता आणि घरात बायकोवर संशय घेत होता. कारण निघाले पोट बिघडले की मेडिकलमधून आणलेली गोळी. त्या बाईने जे सोसले त्याची भरपाई कोण करणार? डाग पुन्हा त्याच जागी येतो का, त्याआधी दोन दिवसांत कोणती गोळी घेतली होती, हे दोन प्रश्न वेळीच विचारले असते तर एवढे झाले नसते.

भीतीमुळे होणारे नुकसान

ॲलर्जी न ओळखणे जितके घातक, तितकेच नसलेली ॲलर्जी कपाळी चिकटवणेही. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असे सांगणाऱ्या दर दहा जणांतल्या साधारण नऊ जणांना तपासणीनंतर ते औषध चालते असे दिसले आहे. लहानपणी विषाणूच्या तापात आलेले पुरळ औषधाच्या नावावर जमा झालेले असते, किंवा खरी ॲलर्जी असली तरी वर्षे लोटली तशी ती ओसरलेली असते.

याचा फटका गरिबांना जास्त बसतो. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब होते तो आजार दाटीवाटीच्या, कोंदट घरांचा आजार आहे. त्यावर दर तीन-चार आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. रिॲक्शनच्या भीतीने अनेक दवाखाने ते द्यायलाच तयार नसतात. मग मुलगी एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे फिरते, खाडे होतात आणि एक दिवस झडपेच्या शस्त्रक्रियेची चिठ्ठी हातात येते. इंजेक्शन नाकारण्यापेक्षा ॲड्रेनॅलिन शेजारी ठेवून ते देणे हा मार्ग आहे.

सिकलसेलबाबत हे आणखी महत्त्वाचे. नागपूर भागात महार समाजात सिकलसेल आढळल्याची नोंद १९५८ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात झाली आणि आज विदर्भात बौद्ध, आदिवासी वस्त्यांमध्ये एसएस रुग्ण असलेली घरे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. या बाळांना पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिनची मात्रा देण्याचा सल्ला असतो, कारण साधा जंतुसंसर्गही त्यांच्या जिवावर बेततो. अशा मुलावर नीट चौकशी न करता 'पेनिसिलिन चालत नाही' असा शिक्का मारणे म्हणजे त्याचे संरक्षण काढून घेणे. खरी ॲलर्जी असेल तर एरिथ्रोमायसिनसारखा पर्याय डॉक्टर देतात, पण शंका असेल तर तज्ज्ञाकडून खात्री करून घ्यावी. वेदनेच्या झटक्यात मॉर्फिनसारख्या औषधाने खाज येते तीही पुष्कळदा ॲलर्जी नसते. उलट सेफ्ट्रिॲक्सोन इंजेक्शननंतर मूल एकदम पांढरे पडले, लघवी गडद झाली, तर क्षणाचाही वेळ न दवडता दवाखान्यात न्यावे. क्वचित होते, पण सिकलसेलच्या मुलांत ते जीवघेणे असते.

सर्पदंशाच्या औषधाबद्दलही असाच गैरसमज आहे. प्रतिसर्पविष घोड्याच्या रक्तापासून तयार होते, त्यामुळे त्याची रिॲक्शन येण्याचे प्रमाण खरोखरच बरेच आहे. तरीही विष चढल्याची लक्षणे असतील तर ते टाळता येत नाही. आधी टोचून बघण्याची टेस्ट राष्ट्रीय मार्गदर्शिकेने सुचवलेली नाही. ॲड्रेनॅलिन भरून तयार ठेवायचे आणि औषध सुरू करायचे. "औषधाची रिॲक्शन येते म्हणून मांत्रिकाकडे नेले" हे कारण आम्ही ऐकले आहे. शेतमजुराच्या जिवाशी खेळणारी ही अंधश्रद्धा आता विज्ञानाची भाषा शिकली आहे, एवढेच.

नोंद कशी ठेवावी

ज्या बाईंची गोष्ट सुरुवातीला सांगितली, त्यांच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये आता एक चिठ्ठी आहे. त्यावर औषधाच्या घटकाचे नाव, कोणत्या साली, किती वेळात काय झाले आणि काय उपचार लागला, एवढेच मराठीत आणि डॉक्टरांना वाचता येईल असे इंग्रजीत लिहिले आहे. कंपनीचे नाव लिहून उपयोग नाही. एकाच घटकाच्या गोळ्या शेकडो नावांनी विकल्या जातात आणि एका गोळीत दोन-तीन घटक असतात. सरकारी दवाखान्यात आणि जनऔषधी दुकानात घटकाचेच नाव असते. पाकिटावर बारीक अक्षरात ते छापलेले असते. ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोडही सक्तीचा झाला आहे, तो मोबाइलवर बघता येतो. मेडिकलवाला पट्टी कापून चार गोळ्या देतो तेव्हा नेमका नावाचा भाग त्याच्याकडे राहतो. नाव असलेला तुकडा मागा, नाहीतर पट्टीचा फोटो काढा. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकणे कायद्याने मना आहे, ही आठवणही अधूनमधून द्यायला हरकत नाही.

एका औषधाची ॲलर्जी असेल तर त्याची भावंडेही विचारून घ्यावीत. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन ही एका घरातली. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांतल्या एकाने दमा किंवा सूज आली तर इतरांनीही येऊ शकते. त्यांना बहुधा पॅरासिटामॉल चालते, तरी डॉक्टरांना विचारूनच. दात काढण्याआधी, बाळंतपणाआधी, शस्त्रक्रियेआधी आणि रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन करण्याआधी कुणी विचारले नाही तरी आपण सांगायचे.

१४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपले तरुण आरोग्य शिबिरे लावतात, औषधे वाटतात. भावना चांगली असते. पण रांगेतल्या प्रत्येकाला "कोणत्या औषधाने कधी त्रास झाला होता का" हा प्रश्न विचारणारा एक स्वयंसेवक टेबलावर नसेल, ॲड्रेनॅलिन आणि ते देऊ शकणारा डॉक्टर नसेल, तर गोळ्या वाटू नयेत. रक्तदाब तपासा, सिकलसेलची तपासणी करा, चिठ्ठ्या द्या. कागदी पुडीत नाव न लिहिलेल्या गोळ्या तर कधीच देऊ नका.

तक्रार आणि नोंदणी

रिॲक्शन आली म्हणजे डॉक्टरने चूक केली असे होत नाही. पहिल्यांदा येणारी ॲलर्जी कुणालाही आधी सांगता येत नाही. मात्र आधीची ॲलर्जी सांगूनही तेच औषध दिले, किंवा इंजेक्शन देणाऱ्या ठिकाणी ॲड्रेनॅलिनच नव्हते, तर प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. अशा वेळी दवाखान्याच्या काचा फुटल्या तर खटला आपल्याच पोरांवर होतो. महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे. मूळ तक्रार बाजूला पडते ती वेगळीच. त्याऐवजी उपचाराच्या कागदपत्रांची प्रत लेखी मागावी. मागणीनंतर ७२ तासांत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रिकामी शिशी, पट्टी, बॅच क्रमांक जपून ठेवावा. मग जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यक परिषद किंवा ग्राहक आयोग हे मार्ग मोकळे असतात. औषधच संशयास्पद असेल तर अन्न व औषध प्रशासन.

तक्रार नसली तरी नोंदणी करावी. २०१० पासून देशात औषध दुष्परिणामांच्या नोंदणीचा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो आणि त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कामाच्या दिवशी रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः माहिती देऊ शकतात. रुग्णांसाठीचा वेगळा अर्ज मराठीतही मिळतो. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रे आहेत. मेफेनॅमिक ॲसिडचा इशारा अशाच नोंदींमधून निघाला. अर्जात रुग्णाचे पूर्ण नाव द्यावे लागत नाही, आद्याक्षरे चालतात. औषधाचा घटक, बॅच, सुरू केल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि पुढे काय झाले, एवढे लागते. आमच्या गटाने पहिला अर्ज त्या बाईंसाठी भरला, तेव्हा सर्वांत जास्त वेळ गेला तो गोळीच्या पाकिटाचा तुकडा घरात शोधण्यात. तो चुलीजवळच्या डब्यात, रेशनकार्डाखाली सापडला.